अंतर आणि आप्तभाव : गो. स. सरदेसाई व यदुनाथ सरकार यांचा स्नेहसंबंध

इतिहासकारांच्या ग्रंथांची चिकित्सा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. ज्या परस्परसंबंधांच्या आधारावर ते ग्रंथ उभे राहिले त्यांची चिकित्सा मात्र अपवादानेच झालेली आढळते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि सर यदुनाथ सरकार यांचा स्नेह हा अशा चिकित्सेस सर्वथा योग्य असा विषय होय. १९०४ साली पत्रांच्या द्वारे जुळलेला हा संबंध १९५८ मध्ये सरकारांच्या मृत्यूने संपला. या चौपन्न वर्षांत दोघांनी एका गावी कायमची वस्ती कधीही केली नाही. एक मराठी, दुसरा बंगाली; एक संस्थानच्या नोकरीत, दुसरा सरकारी महाविद्यालयांच्या सेवेत; एकाची साधने मोडीत, दुसऱ्याची फार्सीत. असे असता हा संबंध विरला नाही, उलट वयाबरोबर दृढ होत गेला. तो कशाने टिकला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर सामान्यतः दिले जाते, ते स्वभावसाम्याचे. दोघेही अत्यंत उद्योगी, मितभाषी व वक्तशीर होते, म्हणून त्यांचे जमले, असे हे उत्तर आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. समान स्वभावाच्या माणसांची मैत्री अंतर पडताच सुकून गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. दुसरे उत्तर समान प्रतिपक्षाचे आहे. पुण्यातील संशोधकांच्या एका वर्गाशी दोघांचाही विरोध आला आणि त्या विरोधाने त्यांना एकत्र बांधले, असे त्यात गृहीत धरले जाते. परंतु हा विरोध तीव्र झाला त्या वेळी मैत्रीस पाव शतक होऊन गेले होते. जे कार्य आधी घडले त्याचे कारण नंतरच्या घटनेत शोधणे युक्त नव्हे.

(१)

सरदेसाई यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या गावी झाला. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविल्यावर १८८९ च्या आरंभी ते बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे आणि राजपुत्रांस शिकविणे हे त्यांचे काम होते. या शिकविण्यासाठी केलेल्या टिपणांतून त्यांचे इतिहासलेखन उगम पावले. ‘मुसलमानी रियासत’ १८९८ साली प्रसिद्ध झाली, ‘मराठी रियासती’चा आरंभ १९०२ साली झाला. विद्यापीठीय अध्यापनाचा अथवा संशोधनशास्त्राच्या शिक्षणाचा लाभ त्यांस झालेला नव्हता.

यदुनाथ सरकार यांचा जन्म १० डिसेंबर १८७० रोजी राजशाही जिल्ह्यातील करचमारिया येथे झाला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १८९२ साली इंग्रजी विषयात एम्. ए. च्या परीक्षेत ते पहिले आले. पुढे प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचा मानही त्यांस मिळाला. त्यांच्या अध्यापनाचा बराच काळ पाटणा महाविद्यालयात गेला. खुदाबक्ष ग्रंथालयासारखा फार्सी हस्तलिखितांचा संग्रह त्याच शहरात होता, ही गोष्ट त्यांच्या कार्याच्या दृष्टीने महत्त्वाची होय. १९०१ साली त्यांचा औरंगजेबकालीन हिंदुस्थानाविषयीचा पहिला ग्रंथ निघाला, आणि त्यानंतर औरंगजेबाच्या चरित्राचे प्रदीर्घ कार्य त्यांनी अंगावर घेतले.

औरंगजेबाच्या आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे दक्षिणेत गेली. ज्यास त्याचे चरित्र लिहावयाचे त्यास मराठी कागदांवाचून गत्यंतर नव्हते. उलट ज्यास मराठ्यांचा इतिहास लिहावयाचा त्यास मोगल दरबारची अखबारे व तवारिखा यांवाचून निम्मी बाजू अंधारात राहत होती. १९०४ साली एकोणचाळीस वर्षांचे सरदेसाई आणि चौतीस वर्षांच्या आतबाहेरचे सरकार यांची पत्रभेट झाली ती या गरजेच्या पोटी. हा मैत्रीचा नव्हे, गरजेचा आरंभ होता. तो तसा होता यात कमीपणा काही नाही.

(२)

या गरजेचे स्वरूप भाषिक होते आणि म्हणून त्याचा थोडा तपशील येथे देणे इष्ट आहे.

फार्सी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ब, प, त, न, य यांसारखे वर्ण शब्दाच्या आरंभी व मध्ये एकाच आकाराने लिहिले जातात आणि केवळ नुक्त्यांच्या संख्येने व स्थानाने ओळखले जातात. घाईने लिहिलेल्या शिकस्ता लिपीत नुक्ते बहुधा गळतात. फार्सी जाणणारा फार्सी शब्द संदर्भाने ओळखतो. परंतु परभाषेतील विशेषनामास हा आधार मिळत नाही. ‘पिलाजी’ आणि ‘निळाजी’ ही दोन नावे नुक्ते गळाले असता कागदावर एकच दिसतात, कारण ‘ळ’ साठी स्वतंत्र चिन्ह फार्सीत नाहीच. अशा ठिकाणी अक्षराकडे कितीही वेळ पाहिले तरी उलगडा होत नाही. त्या साली, त्या मोहिमेत, त्या मुलखात कोणता सरदार होता हे ठाऊक असलेला माणूसच नाव लावू शकतो. किल्ले, घाट व खेडी यांच्या नावांची अवस्था याहूनही बिकट असे.

मोडीची अडचण दुसऱ्या जातीची होती. तीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा पाळला जात नाही, शब्द सुटे होत नाहीत, विरामचिन्हे नसतात. तथापि या अडचणी सरावाने जातात. खरी अडचण मितीची. पेशवाईतील असंख्य पत्रांत ‘छ’ या अक्षरापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र लिहिलेला असतो, पण साल नसते. साल न लिहिण्याचे कारण उघड आहे. ज्याने लिहिले आणि ज्याला लिहिले त्या दोघांनाही ते ठाऊक होते. पत्र जितके जिव्हाळ्याचे किंवा निकडीचे तितका त्यात उल्लेख थोडा आणि गृहीत अधिक. दीडशे वर्षांनी ते हाती घेणाऱ्यास मात्र त्या गृहीतावाचून सारेच मुके असते. अशा पत्राचे साल ठरविण्याचा एक मार्ग म्हणजे त्यातील घटनेचा छडा फार्सी अखबारांत लावणे, कारण दरबारी अखबारांवर तारीख व जुलूसचे वर्ष नियमाने असते.

याचा अर्थ असा की, सरदेसाईंच्या पत्रांची साले सरकारांच्या कागदांत होती आणि सरकारांच्या कागदांतील नावे सरदेसाईंच्या पत्रांत होती. शंका विचारणे आणि शंका फेडणे हा या पत्रव्यवहाराचा प्रारंभापासूनचा व्यवसाय राहिला. यातच त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण सापडते. केवळ कुशल विचारणाऱ्या पत्रास उत्तर दिले नाही तर चालते. निदान उद्यावर टाकता येते. अडलेल्या नावाबद्दलच्या पत्रास उत्तर द्यावेच लागते, कारण पलीकडे प्रकरण थांबलेले असते. कामाने पत्र आवश्यक झाले, आणि पत्राच्या नियमितपणामुळे कुशलवृत्त, प्रकृती, मुलाबाळांच्या वार्ता हे सर्व आपोआप त्याच्याबरोबर येऊ लागले.

पुढे सरकारांनी मराठी साधने स्वतः वाचण्याइतकी मराठी आत्मसात केली. बंगालीत ‘ळ’ नाही, व आणि ब यांचा उच्चारभेद नाही. अशा भाषेच्या वक्त्याने मोडीतून उतरलेल्या बखरी व पत्रे वाचून दाखवावीत हे सोपे नव्हते. ही भाषा आल्यावर गरज संपावयास हवी होती. ती संपली नाही. ज्याला थोडे कळू लागते त्याच्या शंका वाढतात, हे भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे.

(३)

या संबंधास साधनांचीही अनुकूलता होती. १८५४ मध्ये हिंदुस्थानभर एकसारखा व अंतरनिरपेक्ष टपालदर लागू झाला. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. मुंबई व कलकत्ता ही शहरे १८७० मध्ये लोहमार्गाने जोडली गेली होती. त्यापूर्वी जासूद व कासीद यांच्या द्वारे चालणारा पत्रव्यवहार हा राजदरबार, सावकार व सधन कुटुंबे यांनाच परवडणारा होता. बडोद्यातील एक नोकर आणि पाटण्यातील एक प्राध्यापक यांनी सुमारे दोन पिढ्या शंकासमाधान चालवावे, ही गोष्ट एका शतकापूर्वी अशक्य होती. मैत्रीचा इतिहास लिहिताना टपालखात्याचा उल्लेख कोणास अरसिकपणाचा वाटेल. परंतु दूरच्या स्नेहास पत्र पोहोचेल या खात्रीवाचून दुसरा आधार नसतो.

पत्रांची भाषा इंग्रजी होती. दोघांच्याही दृष्टीने ती परकी असल्यामुळे कोणाकडेही यजमानपण नव्हते आणि कोणाकडेही पाहुणेपण नव्हते. तथापि हिची किंमतही द्यावी लागली. मराठी पत्रलेखनाला वयाचे, नात्याचे व मानाचे अंतर दाखविणारा मायन्याचा मोठा संभार आहे. नमस्कार, आशीर्वाद, दंडवत, रामराम यांतील निवडीवरूनच दोन व्यक्तींचा संबंध उघड होतो, आणि ‘लोभ असो द्यावा’ या एका विनंतीत पुष्कळ काही सांगून होते. बंगालीतही अशी समृद्धी आहे. इंग्रजीत हे सारे गाळून निघते. त्यामुळे या पत्रांत स्नेहाची भाषा शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. हस्तलिखिते, मिती, छपाई, पुरवण्या, प्रकाशकांचे हिशेब आणि प्रकृतिमान यांनीच ती भरलेली आहेत. पेशवेकालीन पत्रांबद्दल वर जे सांगितले तेच येथे लागू पडते: जे दोघांनाही ठाऊक होते ते लिहिलेले नाही.

गाठीभेटीही होत. सरदेसाई १९२५ साली बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाले आणि पुढे मावळात इंद्रायणीच्या काठी कामशेत येथे राहू लागले. मुंबई-पुणे लोहमार्गावरील हे लहानसे गाव पुढील तीस-पस्तीस वर्षे इतिहासाभ्यासकांचे ठाणे झाले. सरकारांचा तेथे मुक्काम होई. १९२६ साली सरदेसाई यांनी पाटणा विद्यापीठात व्याख्याने दिली. मराठ्यांच्या इतिहासातील मुख्य प्रवाहांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्यांतूनच सिद्ध झाला. सरकारांच्या कर्मभूमीत मराठ्यांचा पक्ष एका मराठी इतिहासकाराने मांडावा यात केवळ योगायोग नव्हता. बंगालशी सरदेसाईंचा आणखीही एक कौटुंबिक धागा होता. त्यांचे पुत्र श्यामकांत यांचे शिक्षण रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात झाले होते. ते तरुणपणीच निवर्तले, आणि ‘श्यामकांतची पत्रे’ हे पुस्तक मागे राहिले.

(४)

या स्नेहाची सर्वांत मोठी कसोटी पेशवे दप्तराच्या प्रकरणी लागली. पुण्यातील हे दप्तर इंग्रज अधिकाऱ्यांच्या ताब्यात होते, आणि जमिनी व इनामे यांसंबंधी वाद निर्माण होतील या भीतीने ते संशोधकांस सहसा खुले नसे. १९१९ साली स्थापन झालेल्या ऐतिहासिक कागदपत्रांच्या आयोगावर सरकार होते, आणि या दप्तराची निवड करून प्रकाशन व्हावे यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. हे काम सरदेसाईंकडे सोपवावे अशी त्यांची शिफारस होती. १९३० ते १९३४ या अवघ्या पाच वर्षांत सरदेसाई यांनी पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. त्यांतील दुसरा भाग पानिपतासंबंधीच्या पत्रांचा होता.

या निवडीवर पुण्यातून कठोर टीका झाली, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. मराठ्यांच्या राजधानीतील दप्तर, ज्या गावात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या प्रेरणेने १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ज्या गावातील माणसांनी पदरमोड करून, वाड्यावाड्यांतून हिंडून कागद जमविले, त्या गावातील संशोधकांना बाजूस ठेवून एका बाहेरच्या विद्वानाच्या शिफारशीने उघडले जावे, हे त्यांस अपमानकारक वाटले. त्यात १९१९ साली निघालेल्या सरकारांच्या शिवचरित्राने महाराष्ट्रात दुखावलेल्या मनांची भर होती. पाच वर्षांत पंचेचाळीस भाग काढण्याच्या घाईत मिती व वाचन यांच्या चुका राहिल्या, हा आक्षेपही होताच. राजवाडे यांची परंपरा एकेक कागद अर्थासह समग्र छापण्याची. सरकार व सरदेसाई यांचा आग्रह निवड करून, कालक्रम लावून, इतिहासलेखकाच्या हाती लवकर साधन देण्याचा. हा वाद व्यक्तींचा दिसला तरी मुळात पद्धतींचा होता. दीपेश चक्रवर्ती यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या सरकारांवरील ग्रंथात या वादाची सविस्तर चर्चा केली आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, या मैत्रीचे मोल सरदेसाईंना अधिक द्यावे लागले. सरकार दार्जिलिंगला किंवा कलकत्त्यास असत. पुण्यातील सभा आणि वृत्तपत्रे त्यांच्या दारापर्यंत पोहोचत नसत. सरदेसाई मात्र कामशेतास, म्हणजे पुण्याच्या उंबरठ्यावरच राहत होते. आपल्या भाषेच्या, आपल्या विषयाच्या, बहुधा आपल्या जातीच्याही विद्वानांकडून दुरावा पत्करून त्यांनी दूरच्या मित्राचा हात सोडला नाही. जवळची माणसे दूर गेली म्हणून दूरचा माणूस जवळचा झाला, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे. पण जवळच्यांना जवळ ठेवण्याचा मार्ग त्यांच्यापाशी होता आणि तो त्यांनी जाणून घेतला नाही, हे अधिक खरे आहे.

या कामाची फळे सरकारांच्या ग्रंथांत स्पष्ट दिसतात. मोगल साम्राज्याच्या पतनावरील त्यांच्या चार खंडांपैकी पहिला १९३२ व दुसरा १९३४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे पेशवे दप्तराचे भाग आणि हे खंड एकाच वेळी छापखान्यातून बाहेर पडत होते. १९३६ पासून पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराची माला दोघांच्या संपादकत्वाखाली निघू लागली. तिचा पहिला भाग सरकारांनी आणि दुसरा सरदेसाईंनी संपादिला. या कामात पुढे माळव्यातील सीतामऊचे महाराजकुमार रघुवीरसिंह हेही सामील झाले. वयाने सरकारांहून सदतीस वर्षांनी लहान असलेला हा शिष्य या दोघांच्या स्नेहाचा तिसरा कोन ठरला, टी. सी. ए. राघवन यांनी २०२० साली या तिघांचे एकत्रित चरित्र लिहिले आहे.

(५)

या सर्व काळात दोघांची मते एक होती असे समजणे चुकीचे होईल. सरदेसाई यांच्या मते मराठ्यांच्या राज्यामागे ‘महाराष्ट्र धर्मा’चे एक ध्येय होते आणि त्या ध्येयाच्या सूत्राने शिवाजीपासून पेशवाईपर्यंतचा इतिहास सांधला जातो. सरकारांची कसोटी वेगळी होती. राज्याने टिकाऊ संस्था निर्माण केल्या काय, जातिभेदांवर मात करून एकजीव समाज घडविला काय, हे त्यांचे प्रश्न होते, आणि मराठ्यांच्या बाबतीत त्यांची उत्तरे पुष्कळदा प्रतिकूल होती. शिवाजीच्या कर्तृत्वाविषयी अत्यंत आदर बाळगूनही, त्याच्या राज्याच्या अस्थैर्याचे एक कारण त्यांनी जातिभेदात पाहिले.

असे मूलभूत मतभेद एका गावातील दोन विद्वानांत असते तर त्यांचे पक्ष पडले असते. येथे तसे झाले नाही, आणि याचे श्रेय काही अंशी अंतरालाच दिले पाहिजे. पत्राने केलेल्या वादात शब्द तोलण्यास वेळ मिळतो. ऐकणारे तिसरे कोणी नसते. आणि उत्तर येईपर्यंतच्या आठवडाभरात राग निवून जातो. शिवाय दोघांमध्ये निकालाचे एक स्थान ठरलेले होते. ते म्हणजे अस्सल कागद. ध्येयाविषयी मतभेद असले तरी एखादे पत्र कोणत्या सालचे यावर दोघांचे एकमत होऊ शकत होते, आणि एकमताचे हे क्षेत्र त्यांनी वर्षानुवर्षे वाढवीत नेले.

(६)

उत्तरायुष्यात दोघांवरही दुःखाचे घाले पडले. सरदेसाईंनी पुत्र गमावले होते. १९४६-४७ च्या कलकत्त्यातील दंगलींच्या काळात सरकारांचा ज्येष्ठ पुत्र मारला गेला, आणि १९४७ साली राजशाही जिल्हा फाळणीने पूर्व पाकिस्तानात गेला. म्हणजे मुलाबरोबरच जन्मगावही पारखे झाले. अशा वेळी दोन हजार किलोमीटरांवरचा मित्र काय करू शकतो? या दोघांनी जे केले ते त्यांच्या आजवरच्या वर्तनाशी सुसंगतच होते. काम चालू राहिले आणि पत्रेही चालू राहिली. सरदेसाईंचा मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत १९४६ ते १९४८ या काळात निघाला. त्या वेळी ते ऐंशी ओलांडून गेले होते. सरकारांच्या पतनविषयक ग्रंथाचा चौथा व अखेरचा खंड १९५० साली, त्यांच्या ऐंशीव्या वर्षी आला.

ही विरक्ती नव्हे. पुत्रशोक सोसलेल्या माणसास पुत्रशोक सोसलेल्या दुसऱ्या माणसाने एखाद्या कागदाची मिती विचारावी, यात जे सांत्वन आहे ते शोकपत्रात असतेच असे नाही. तू अजून लिहिणार आहेस, तुझ्या उत्तराची मला गरज आहे, एवढे त्या प्रश्नात अध्याहृत असते.

१९३८ साली श्री. रा. टिकेकर यांनी सरदेसाईंच्या गौरवार्थ ग्रंथ संपादिला. १९५७ मध्ये हरिराम गुप्त यांनी सरकारांचे चरित्र व पत्रे यांचा ग्रंथ पंजाब विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केला. त्यात सरदेसाईंना लिहिलेली पत्रे मोठ्या संख्येने आली आहेत. म्हणजे आपली पत्रे साधन म्हणून छापली गेल्याचे दोघांनीही हयातीत पाहिले. सरकार १९ मे १९५८ रोजी कलकत्त्यास वारले. सरदेसाई त्यानंतर दीड वर्ष जगले आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेत येथे त्यांचा अंत झाला.

ज्यांनी आपले आयुष्य इतरांच्या पत्रांतील न लिहिलेले साल शोधण्यात घालविले त्यांची पत्रे आता तशाच वाचकाच्या हाती आली आहेत. साल या पत्रांत आहे. नावे स्पष्ट आहेत. लिपीची अडचण नाही. पुढील अभ्यासकास लावावयाचे आहे ते एवढेच, की कोणत्या शंकेच्या आड कोणती विचारपूस होती. आणि त्यासाठी इंग्रजी मजकुराबरोबर मराठी व बंगाली पत्रलेखनाचा रिवाज जाणणारा वाचक लागेल. असा वाचक एकटा सापडणे कठीण आहे. दोघांनी मिळून, एकाने इकडून व दुसऱ्याने तिकडून, हे काम हाती घेतल्यास ते या पत्रव्यवहाराच्या रीतीस धरूनच होईल.